उस्ताद आणि बत्तीस बोअर

उस्तादांबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल थोडं वाईट लिहावं लागणार. ते टाळून काही लिहिता येतंय का, हे बघण्यात माझी तीन वर्षं गेली. नाही येत. तेव्हा लिहितोच.

त्यांचं नाव हणमंत जाधव. गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. फौजेत चोवीस वर्षं आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा आणि त्यांची निगा राखणारा माणूस. निवृत्तीनंतर दोहाच्या बाहेर, वाळवंटाच्या कडेला असलेल्या एका खासगी शूटिंग क्लबात त्याच कामावर आले. त्या क्लबात परचेस आणि स्टोअर मी बघायचो. मी नाशिकचा, डिप्लोमावाला. बंदुकीशी माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे कधी गेला नव्हता. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून रेंजवरची नेपाळी आणि मल्याळी मंडळी जाधवांना उस्ताद म्हणायची. अरबीतही हा शब्द चालतो, त्यामुळे कतारी मेंबरही तेच म्हणायचे. महिनाभरात मीही म्हणायला लागलो.

अंगाने काटक, मिशी पांढरी आणि काटेकोर कापलेली. डावा कान गोळीबाराच्या आवाजाने गेलेला, त्यामुळे कोणी बोलायला लागलं की ते उजवी बाजू पुढे करायचे. नव्या माणसाला वाटायचं, हा आपल्यावर रुसलाय की काय. खिशात कायम एक पिवळं फडकं. ते हाताला लागलेलं तेल पुसायला, चष्मा पुसायला, आणि एकदा तर आमच्या लेबनानी मॅनेजरच्या टेबलावर सांडलेली कॉफी पुसायलाही निघालं होतं. मॅनेजरच्या टेबलाला नंतर आठवडाभर बंदुकीच्या तेलाचा वास येत होता.

माझी त्यांची ओळख झाली ती वाळूत गुडघे टेकून. नोकरीचा तिसरा दिवस. कडक इस्त्रीची पँट घालून रेंज बघायला गेलो तर उस्ताद आणि तीन नेपाळी वाळूत रांगत होते. उडालेल्या काडतुसाचं रिकामं कवच, ज्याला ते 'खोकं' म्हणायचे, एक कमी भरत होतं. क्लबात या खोक्यांना कुत्रं विचारत नव्हतं. झाडून गोळा करायचे आणि पिंपात टाकायचे. पण हिंदुस्थानी फौजेत जितक्या गोळ्या दिल्या तितकी खोकी परत मोजून घेतात, आणि एक जरी कमी भरलं तरी अख्खी पलटण जमिनीवर येते. उस्तादांच्या अंगात ते मुरलेलं.

"साहेब, तुमी बी वाइच बगा की तकडं भिताडाकडनं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "उस्ताद, इथे कोण विचारतंय?"

"मी इचारतोय न्हवं."

मीही टेकलो गुडघे. वीस मिनिटांनी ते खोकं माझ्याच बुटाच्या खाचेत सापडलं. उस्तादांनी ते फडक्याने पुसलं, मोजलेल्यांत टाकलं आणि मला म्हणाले, "चला, जेवान करू. आता घास जाईल घशाखाली."

म्हणूनच त्यांना रिव्हॉल्वर प्यारं. पिस्तूल खोकं कुठेही भिरकावून देतं, रिव्हॉल्वर मात्र सहाच्या सहा आपल्या पोटात धरून ठेवतं आणि मागितलं की हातात देतं. "लई शिस्तीचं हत्यार," असं म्हणताना त्यांचा चेहरा घरच्या शहाण्या सुनेचं कौतुक करावं तसा व्हायचा.

क्लबात अशी चार रिव्हॉल्वरं होती. बत्तीस बोअरची. क्लब ज्यांनी काढला त्या वृद्ध कतारी गृहस्थांना त्यांची हौस होती, आणि त्यांच्या आग्रहाखातर दर हिवाळ्यात रिव्हॉल्वरची एक मॅच व्हायची. तीस गोळ्या, पंचवीस मीटर. त्यात स्टाफलाही भाग घ्यायची परवानगी होती. प्रत्येकाच्या टार्गेटच्या कागदावर त्याचं नाव छापलेलं असायचं. त्या छपाईची ऑर्डर मीच द्यायचो.

अडचण होती ती गोळ्यांची. नऊ मिलिमीटरच्या आणि बावीस बोअरच्या गोळ्या क्लबात पेट्यांनी यायच्या, शेंगदाण्यासारख्या उडायच्या. बत्तीस बोअर मात्र कोणी वापरत नाही. ही गोळी सपाट तोंडाची, शिशाची. कागदात पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ गोल भोक पाडते. बनवणारे कमी, आणणारे त्याहून कमी, परवान्याचे कागद मात्र तेवढेच. एका गोळीत नऊ मिलिमीटरच्या चार याव्यात असा भाव. मॅचपुरत्या गोळ्या क्लब द्यायचा. सराव ज्याने त्याने आपल्या खर्चाने करायचा. कतारी मेंबरांना त्याचं काहीच वाटत नसे. स्टाफमधलं कोणी त्या वाटेलाच जात नसे.

उस्तादांना एकोणसाठ पूर्ण झाली होती. साठीला करार संपणार होता, तेव्हा तो हिवाळा शेवटचा. एका दुपारी माझ्या केबिनमध्ये आले, खुर्चीच्या अगदी काठावर बसले आणि उजवा कान माझ्याकडे करून म्हणाले, "साहेब, मॅचला माजं नाव घाला."

मी थट्टेने म्हणालो, "काय उस्ताद, मेडल घेऊनच गावी जायचा विचार दिसतोय!"

"मेडलाचं काय घिऊन बसलाय? मला त्यो कागूद न्यायचाय घरी." थोडा वेळ ते फडक्याशी चाळा करत राहिले. "आवं, चोवीस वर्सं फौजेत, सात वर्सं हितं. हत्यार ठीक केलं की टेस्ट म्हनून तीन गोळ्या मारायच्या आन ज्याचं त्याला दिऊन टाकायचं. चौथी गोळी कवाच माजी न्हवती. घरात सगळी म्हनत्यात, आबा बंदुकीत हुते. आबांनी नेम कवा धरलाय, त्ये कुनालाच ठावं न्हाय. येकदा माज्या नावाच्या कागदावर तीस गोळ्या मारून बगायच्यात."

आणि मग मुद्द्यावर आले. सरावाला निदान दोनशे गोळ्या लागतील. कुठे स्वस्तात मिळतात का, ते मी बघावं.

मी लगेच म्हणालो, "काम झालं समजा."

माझ्या तोंडाला ही वाईट खोड आहे. समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून मी आधी हो म्हणतो आणि मग कसं जमवायचं ते बघत बसतो. लोकांना वाटतं, हा फार मदतीचा माणूस. खरं तर नाही म्हणायची हिंमत नसते, एवढंच.

उस्तादांनी सराव तर लगेच सुरू केला, गोळ्यांशिवाय. रिकामं रिव्हॉल्वर हात सरळ करून धरायचं, नळीवर पुढच्या टोकाला पन्नास दिरहॅमचं, म्हणजे अर्ध्या रियालचं नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा. नाणं पडलं तर हात हलला. मी करून बघितलं तेव्हा नाणं ठेवतानाच पडलं. उस्तादांचं पाच-पाच वेळा जागचं हलायचं नाही. दुपारच्या सुट्टीत जेवण उरकून ते रोज अर्धा तास एकटे उभे असायचे, आणि खट्, खट् असा कोरडा आवाज स्टोअरपर्यंत यायचा. तो आवाज आला की मला माझं वचन आठवायचं आणि मी उठून दार लावून घ्यायचो.

शुक्रवारी ते आमच्याकडे अबू हमूरला जेवायला यायचे. माझी बायको मेधा बाजरीची भाकरी करायची आणि ते ठेचा आणायचे, खोलीवर स्वतः वाटलेला. घरी तर रिव्हॉल्वर आणणं शक्य नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, लिटरची पाण्याची बाटली उजव्या हातात सरळ समोर धरून ते मेधाशी गप्पा मारायचे. गावातलं पाणी, नातवाचं बारसं, सगळं त्या पवित्र्यात. आमची दहा वर्षांची अन्वी बाजूला उभी राहून सेकंद मोजायची.

"काका, डझन्ट युअर हँड हर्ट?"

"दुकतो की. दुकतंय म्हनून खाली घेतला तर त्यो कवा शिकायचा?"

अन्वीला मराठी सगळं कळतं, बोलायचं मात्र इंग्रजीत. उस्तादांना इंग्रजी बऱ्यापैकी कळायचं, बोलायचं मात्र त्यांनी मराठीतच. दोघांचं झकास जमायचं. त्यांना इंग्रजी कळतं, हे त्या घरात मला रोज दिसत होतं. पुढे एका खोलीत मी ते सोयीस्कर विसरलो.

गोळ्यांसाठी मी अगदीच हातपाय हलवले नाहीत असं नाही. तीन सप्लायरना ईमेल केल्या. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने दहा हजार गोळ्यांच्या खाली ऑर्डर घेत नाही म्हणून कळवलं. तिसऱ्याचा भाव असा होता की तो कागद मी उस्तादांना दाखवलासुद्धा नाही. ते स्वतःही शोधत होतेच. बाहेरच्या देशाची टीम सरावाला आली की तिच्या आर्मररला गाठायचे, त्याच्या पिस्तुलाची स्प्रिंग फुकट बसवून द्यायचे आणि मग हळूच विचारायचे, 'थर्टी टू, प्रॅक्टिस, चीप?' सगळे हसून मान हलवायचे. मॅच तीन आठवड्यांवर आली. रोज भेटले की ते फक्त बघायचे, विचारायचे नाहीत. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

स्टोअरच्या मागे एका कंटेनरमध्ये बत्तीस बोअरचा एक जुना लॉट पडला होता. आदल्या ऑगस्टमध्ये कंटेनरचा एसी बंद पडला आणि दोहाच्या दमट उकाड्यात त्या गोळ्या महिनाभर शिजल्या. मॅनेजरने त्या बाद केल्या, पेट्यांवर लाल स्टिकर लावलं. सरकारी खात्याकडे नष्ट करायला पाठवायच्या होत्या, कागदपत्रांसाठी अडकून पडल्या होत्या. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी त्यातल्या दोनशे गोळ्या काढल्या. चांगल्या लॉटची रिकामी झालेली चार कोरी पुठ्ठ्याची पाकिटं स्टोअरमध्ये होती, त्यांत एकेक करून भरल्या. हाताला घाम सुटला होता, तेव्हा आपण काय करतोय हे कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी मनाशी म्हणालो, नाहीतरी नष्टच व्हायच्यात. आपल्या माणसाची हौस होईल. शिशाची तर गोळी, काय होतंय!

उस्तादांना सांगितलं, "सप्लायरने सँपल पाठवलंय. फुकट."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर स्वतःबद्दल फार चांगलं वाटलं. मग त्यांनी टेबलावर काच ठेवली आणि सवयीप्रमाणे एकेक गोळी तिच्यावरून घरंगळवून बघायला सुरुवात केली. पंधरावीस झाल्यावर एक गोळी उजेडात धरली.

"साहेब, ह्या नव्या हायती?"

"हो."

"पितळ काळं पडल्यावानी दिसतंय."

"विमानाने आल्यात ना. पॅकिंगमुळे असेल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी म्हनताय म्हंजे असंल." अकरा गोळ्या बाजूला काढल्या आणि बाकीच्या उचलल्या. एकतीस वर्षं हत्यारं हाताळलेल्या माणसाने डोळ्यांना दिसत होतं ते सोडून माझ्या शब्दावर भरवसा ठेवला.

पाच दिवस सराव छान झाला. सहाव्या दिवशी अकराच्या सुमारास उस्ताद केबिनमध्ये आले. घाम आलेला. एक गोळी फुसकी निघाली होती. आवाज नुसता फुस्स, आणि शिसं नळीतच अडकून बसलं. न समजून पुढची मारली असती तर नळी फुटून हात गेला असता. पण ते आर्मरर. आवाजावरून ओळखून तिथेच थांबले होते.

मी आधी हात बघितला. धड होता. मग मी जे बोललो ते असं होतं: "काढून टाका ना सळईने. दहा मिनिटांचं काम तुमचं. कोणाला कळणार?"

"रिपोट द्यावा लागंल."

"कशाला उस्ताद? उगाच चौकशी होईल."

"आवं, ह्या लॉटातली येखादी कुनाच्या हातात गेली तर?" आणि मग, अगदी हळू, "साहेब, सँपल न्हवतं न्हवं ह्ये?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो. तेवढंच उत्तर त्यांना पुरलं. ते गेले आणि त्यांनी रिपोर्ट दिला. त्यात गोळ्या कुठून आल्या ती जागा कोरी सोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरच्या खोलीत बोलावणं. मॅनेजर, एचआरचा मल्याळी ऑफिसर, उस्ताद आणि मी. मला बोलावलं होतं ते दुभाष्या म्हणून. उस्तादांनी सांगितलं होतं, मी माझ्या भाषेत बोलणार, आणि क्लबात मराठी येणारा दुसरा कोणी नव्हता. एरवी हा माणूस सगळ्यांशी फौजी हिंदीत बोलायचा. एचआरवाल्याला हिंदी उत्तम येत होतं. त्या दिवशी उस्तादांना हिंदी नको होतं. का नको होतं ते मला कळलं, पण त्यांनी तोंड उघडल्यावर.

मॅनेजरने विचारलं, "या गोळ्या बाद लॉटमधल्या आहेत. याच्याकडे कशा आल्या?"

उस्ताद उभे होते. त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला नाही. सरळ समोर बघत म्हणाले, "साहेब, मी तुमचं नाव घ्येनार न्हाय. तुमीच सोताच्या तोंडानं सांगा. चूक झाली म्हना. चांगल्या मनानं दिल्या, म्हना. त्ये समजून घ्येत्याल. मी हाय तुमच्या संगं."

त्या खोलीत हे फक्त मला कळत होतं. माझी इभ्रत राहावी म्हणून त्यांनी भाषेचा आडोसा केला होता. कबुली माझी मी देतोय असं दिसावं, म्हणून. मी मॅनेजरकडे वळलो. अन्वीची शाळा डोळ्यांसमोर आली, अबू हमूरचं घर आलं, आणि मी स्वच्छ इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतोय की त्या त्याने स्वतः कंटेनरमधून काढल्या. त्याला फार वाईट वाटतंय."

बोलून झाल्यावर मला आठवलं की उस्तादांना इंग्रजी कळतं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी तो सोसला असता. ते नुसते बघत होते, काचेवरची ती काळी पडलेली गोळी बघितली होती तसे. एक शब्द बोलले असते, हिंदीत बोलले असते, तरी माझं खलास होतं. मॅनेजरने विचारलं, "इज दॅट करेक्ट?" उस्ताद पुन्हा समोर बघायला लागले आणि इंग्रजीत म्हणाले, "येस सर. सॉरी सर."

त्यांचं वय आणि नोकरी बघून क्लबाने प्रकरण बाहेर जाऊ दिलं नाही. राजीनामा घेतला आणि दोन आठवड्यांत जायला सांगितलं. मॅच झाली. उस्तादांच्या वाट्याच्या चार नंबरच्या लेनला कोणी उभं नव्हतं. त्यांच्या नावाचा कागद छापून आलेला होता. तो मी माझ्या हाताने श्रेडरमध्ये घातला. त्यांना नेऊन द्यावा असं मनात आलं होतं, पण कोरा कागद काय तोंडाने देणार?

त्या दिवसानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत असंही नाही. स्टोअरची किल्ली परत करायला आले तेव्हा सही घेतली आणि म्हणाले, "त्या बाद पेट्या लौकर घालवा हितनं." एवढंच. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर ते दारापर्यंत पोचले होते. हाक मारता आली असती. कान डावा माझ्याकडे होता, ऐकू गेलं नसतं, असं मी मनाला सांगितलं.

मेधाला मी सांगितलं की त्यांचा करार संपला. ती म्हणाली, "अहो, मग एकदा जेवायला बोलवा ना. भाकरी करते, अन्वीलाही भेटतील." दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा तिने फोन मागितला तेव्हा म्हणालो, "ते गेले. परवाच फ्लाइट होती. घाईत गेले." मेधाला वाईट वाटलं. "न भेटता?" एवढंच ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी संध्याकाळी आम्ही अल मन्सूराला एका इंडियन ग्रोसरीत गेलो होतो. मेधा कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत होती. मी ट्रॉली घेऊन पुढे वळलो आणि समोर उस्ताद. हातात बॅग बांधायची दोरी आणि लहान मुलाचा एक लाल टी-शर्ट. आमच्यात चार हातांचं अंतर. त्यांनी मला पाहिलं. माझ्या मागून मेधाचा आवाज आला, "अहो, कढीपत्ता पण घेऊ का?" उस्तादांनी तो ऐकला आणि त्यांचा चेहरा क्षणभर खुलला, पाऊलही पुढे आलं. मग त्यांची नजर पुन्हा माझ्या चेहऱ्यावर आली. तिथे काय दिसलं असेल ते असेल. ते जागीच थांबले आणि सावकाश वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. समोर तांदळाची पोती रचलेली होती. त्यांवरची अक्षरं वाचत असल्यासारखे, पाठ आमच्याकडे करून, आमचं बिल होईपर्यंत ते हलले नाहीत.

गाडीत बसल्यावर मेधा म्हणाली, "आत तो माणूस पाठमोरा उभा होता ना, अगदी जाधव काकांसारखा वाटला."

"छे," मी म्हणालो, "ते तर गेले ना," आणि गाडी सुरू केली.